वाइन ‘ड्राय’ असते म्हणजे काय? फ्रान्सच्या नदीकाठचं द्राक्ष सोलापूर जिल्ह्यात काय करतंय?

कासेगावला माझ्या मामाची द्राक्षबाग आहे. बेदाण्याची. मी त्याला सांगितलं की सध्या ‘ड्राय व्हाइट वाइन’वर लिहितेय, तर तो म्हणाला, “ड्राय म्हणजे गं? पाणी तोडून काढलेली का?”

हसायचं कारण नाही. द्राक्ष काढणीला आलं की बागेचं पाणी तोडतात, साखर भरते, हे त्याचं रोजचं गणित. त्यामुळं ‘ड्राय’ म्हटल्यावर त्याला पाणी आठवलं. माझ्या मैत्रिणीला ‘ड्राय डे’ आठवला. आणि सोलापूरच्या बाकी पब्लिकला ‘ड्राय’ म्हटलं की दुष्काळ आठवतो. पण वाइनच्या बाटलीवरच्या ‘ड्राय’चा या तिन्हींशी संबंध नाही. संबंध आहे साखरेशी, आणि तो समजला की बाकी बरंच काही समजतं. अगदी फ्रान्समधल्या एका नदीकाठचं द्राक्ष आपल्या माळशिरस तालुक्यात येऊन काय करतंय, हेसुद्धा.

आधी साखरेचं बघू.

पिकलेल्या वाइनच्या द्राक्षाच्या एक लिटर रसात साधारण २०० ते २२० ग्रॅम साखर असते. अंदाज येण्यासाठी सांगते, कोलाच्या एका लिटरमध्ये ती शंभराच्या थोडी वर असते. म्हणजे द्राक्षाचा रस कोलाच्या दुप्पट गोड. या रसात यीस्ट सोडलं की ते साखर खायला लागतं आणि तिचं अल्कोहोल करतं. ढोबळ हिशेब असा, की लिटरमागे १७ ग्रॅम साखर संपली की १ टक्का अल्कोहोल तयार होतं. २१० ग्रॅम साखर पूर्ण संपली तर साधारण १२ टक्क्यांची वाइन होते.

ही साखर जवळजवळ सगळी संपू दिली, तर ती ‘ड्राय’ वाइन. मध्येच थांबवून थोडी साखर ठेवली, तर ‘ऑफ-ड्राय’ किंवा गोड. युरोपच्या नियमांत लिटरमागे ४ ग्रॅमपर्यंत साखर उरली तर वाइनला ड्राय म्हणता येतं. आंबटपणा जास्त असेल तर ही मर्यादा ९ ग्रॅमपर्यंत जाते, कारण आंबटपणामुळं गोडी जिभेला जाणवतच नाही. लिंबू सरबतात साखर किती घातली तरी लिंबू जास्त झालं की कमीच वाटते, तसं.

म्हणून पहिल्यांदा ड्राय वाइन पिणारा माणूस तोंड वाकडं करतो. द्राक्षाची आहे म्हणजे गोड असेल, असं डोक्यात असतं आणि तोंडात येतं आंबट. वाइन खराब नसते, फक्त तिच्यातली साखर यीस्टनं आधीच खाल्लेली असते.

नदी एक, वाइन अनेक

फ्रान्समध्ये लुआर नावाची नदी आहे. लांबी हजार किलोमीटरच्या थोडी वर, देशातली सगळ्यात लांब. डोंगरात उगम पावते, उत्तरेला जाते, मग पश्चिमेला वळून अटलांटिक महासागराला मिळते. तिच्या मधल्या पट्ट्यात राजेरजवाड्यांचे वाडे इतके आहेत की २००० साली युनेस्कोनं हा भाग जागतिक वारसा यादीत घेतला. आपल्याला मात्र वाड्यांशी नाही, काठावरच्या द्राक्षांशी काम आहे.

समुद्राजवळ नाँत शहराच्या आसपास ‘मुस्कादे’ होते. हलकी, एकदम ड्राय, आणि तिथले लोक ती कालवांबरोबर पितात. वर सरकलं की आंजू आणि तूर शहराचा भाग लागतो. इथलं द्राक्ष ‘शेनिन ब्लाँ’. याच्यापासून साव्हेनिएर आणि वुव्रे या वाइन होतात. वुव्रेला पांढरट मऊ चुनखडीचे कडे आहेत. त्यांत लोकांनी गुहा खोदल्या, काहींत घरं केली आणि काहींत वाइन ठेवली. आत बारा महिने गारवा, वेगळा एसी लागत नाही. आणखी वर, नदीच्या वरच्या अंगाला, टेकडीवर सांसेर नावाचं गाव आहे. इथलं द्राक्ष ‘सोव्हिन्याँ ब्लाँ’. ड्राय पांढऱ्या वाइनमध्ये जगभर ज्या गावांची नावं घेतात, त्यात सांसेर वरच्या रांगेत.

गंमत म्हणजे सांसेर पूर्वी लाल वाइनसाठी ओळखलं जायचं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून फायलोक्सेरा नावाची माव्यासारखी कीड आली. ती वेलीची मुळं खाते. फ्रान्समधल्या बागांच्या बागा वाळल्या. शेवटी उपायही अमेरिकेतूनच आला. कीड सोसणाऱ्या अमेरिकन वेलीचं मूळ घ्यायचं आणि त्यावर आपल्या जातीचं कलम बांधायचं. पुन्हा लागवड करताना सांसेरच्या शेतकऱ्यांनी सोव्हिन्याँ ब्लाँ जास्त लावलं, आणि गावाची ओळखच बदलली.

मामाला हे सांगितलं तर तो म्हणाला, “म्हणजे आपलं डॉगरिजच की.” बरोबर. सोलापूर-सांगलीच्या बागांत आज जे डॉगरिज खुंट दिसतं तेही मूळचं अमेरिकनच. आपल्याकडं ते कमी पाणी आणि खारवट जमीन सोसतं म्हणून लावलं, तिकडं किडीसाठी. युक्ती एकच.

सोलापुरी चादर आणि सांसेर

आता एक गोष्ट जी बहुतेक लोकांना गोंधळात टाकते. फ्रेंच बाटलीवर ‘सांसेर’ किंवा ‘वुव्रे’ असं लिहिलेलं असतं, पण द्राक्षाचं नाव बऱ्याचदा नसतंच. कारण ते गृहीत धरलेलं असतं. सांसेरची पांढरी वाइन म्हटल्यावर ती सोव्हिन्याँ ब्लाँचीच असणार, तसा कायदाच आहे. १९३६ मध्ये सांसेरच्या पांढऱ्या वाइनला आणि वुव्रेला हे संरक्षण मिळालं. कुठल्या हद्दीत पिकवायचं, कुठलं द्राक्ष, एकरी किती उत्पादन घ्यायचं, हे सगळं ठरलेलं. हद्दीबाहेर तेच द्राक्ष लावून तशीच वाइन केली तरी ते नाव लावता येत नाही.

सोलापूरकरांना हे समजावून सांगायला नको. जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर आपल्याकडंच आहे. दुसरीकडं विणलेल्या चादरीवर ते नाव लावणं हा गुन्हा, तरी देशभरात रस्त्यावर ‘सोलापुरी’ म्हणून काय काय विकलं जातं ते आपण बघतो. फ्रेंच लोक या बाबतीत फार कडक. गावाचं नाव हीच त्यांची संपत्ती, आणि दर त्या नावाला मिळतो.

आपल्याकडं उलट आहे. भारतीय वाइनच्या बाटलीवर मोठ्या अक्षरात ब्रँड असतो आणि द्राक्षाची जात असते. गाव शोधावं लागतं. नाशिकच्या वाइनला जीआय आहे. सोलापूर जिल्ह्यात चादरीला आहे, टॉवेलला आहे, डाळिंबाला आहे, मंगळवेढ्याच्या ज्वारीला आहे. वाइनला नाही.

आणि इथंच अकलूज येतं.

भाऊ-भाऊ

महाराष्ट्रात वाइनची सुरुवात अकलूजनं केलेली नाही. १९८० च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांच्या इंडाज कंपनीनं फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीनं फेसाळती वाइन केली, ती ‘ओमर खय्याम’ नावानं परदेशात गेली. मग नाशिकला राजीव सामंत यांनी सुला सुरू केली. २००० साली त्यांच्या पहिल्या बाटल्या आल्या त्या शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँच्या, म्हणजे लुआरकाठच्याच दोन द्राक्षांच्या. २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि नाशिक भागात वाइनरी उभ्या राहायला लागल्या.

सोलापूर जिल्ह्यात हे घडलं २००७ च्या सुमाराला. अकलूजचे रणजितसिंह आणि अर्जुनसिंह मोहिते-पाटील, दिल्लीचे कपिल आणि गौरव सेखरी आणि इटलीचे आंद्रेया आणि आलेस्सियो सेची अशा भावांच्या तीन जोड्या एकत्र आल्या. कंपनीचं नाव ‘फ्रातेल्ली’, इटालियनमध्ये त्याचा अर्थच भाऊ. वाइन करणारा माणूस इटलीच्या टस्कनीतला, पिएरो मासी. रोपं मात्र फ्रान्समधून आणली, तीही लाखांच्या संख्येनं. माळशिरस तालुक्यात मोटेवाडी, गारवाड आणि निमगाव इथं ती लावली. उसासाठी आणि साखर कारखान्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या भागात! त्यांत शेनिन ब्लाँही आहे आणि सोव्हिन्याँ ब्लाँही.

पण रोप आणलं म्हणून लुआर येत नाही. सांसेर विषुववृत्तापासून ४७ अंशांवर आहे, अकलूज १८ अंशांच्या आसपास. तिकडं हिवाळ्यात वेल झोपते. पानं गळतात, काड्या उघड्या पडतात आणि वसंतात ती आपोआप जागी होते. आपल्याकडं वेलीला झोपायला थंडीच नाही. तिला तसंच सोडलं तर ती वेडीवाकडी वाढत राहील. म्हणून आपण वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तेव्हा पुढच्या पिकासाठी काडी तयार होते. ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी, तेव्हा डोळे फुटून घड येतात. खाण्याच्या द्राक्षाला आणि वाइनच्या द्राक्षाला दोघांनाही हेच चक्र. कॅलेंडर निसर्गानं नाही, कात्रीनं ठरवलेलं.

यातून एक फरक पडतो जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. लुआरकाठी द्राक्ष सप्टेंबरात पिकतं आणि कधी कधी ऑक्टोबरपर्यंत वेलीवर राहतं. म्हणजे पिकताना हवा दिवसेंदिवस गार होत जाते. आपल्याकडं ते जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत पिकतं, म्हणजे पिकताना हवा दिवसेंदिवस तापत जाते. द्राक्षातला आंबटपणा उष्णतेनं जळतो. गारव्यात तो टिकतो. आणि ड्राय पांढऱ्या वाइनचा सगळा जीव आंबटपणात. साखर तर यीस्टनं खाल्ली, आता आंबटपणाही गेला तर ग्लासात उरतं काय? अल्कोहोलवालं पाणी.

म्हणून इथं वाइनसाठी पांढरी द्राक्षं लवकर काढावी लागतात. जानेवारीत सोलापूर भागात दुपारी पारा तिशीच्या आसपास गेला तरी पहाटे तो १५-१६ अंशांपर्यंत उतरतो, आणि हीच आपली भांडवलाची थंडी. तोडणीही पहाटे उरकायची, घड गार असतानाच प्रेसपर्यंत पोचवायचे. मार्चच्या मध्यापर्यंत थांबणाऱ्याची साखर वाढते आणि वाइन बसते.

दुसरा फरक मामाला पटायला वेळ लागला. खाण्याच्या द्राक्षाचा मणी फुगवायचा असतो. जीए मारायचं, विरळणी करायची, मणी मोठा दिसला की व्यापारी खूश. वाइनच्या द्राक्षाला मणी लहानच हवा. वास आणि चव सालीत आणि सालीजवळ असते, मणी फुगला की पाणी वाढतं. “म्हणजे आपण ज्याला रिजेक्ट म्हणतो ते त्यांना चालतं?” तसं नाही. बिया, जाड साल, आंबटपणा, जातच वेगळी. बेदाण्याला न गेलेली थॉम्पसन वाइनरीला घातली की झालं, असा समज आपल्याकडं अजून आहे. त्यातून वाइन होते, चांगली होत नाही.

मग खायचं कशाबरोबर?

इंटरनेटवर ‘व्हाइट वाइन विथ फिश’ एवढंच सांगून मोकळे होतात. पण सोलापुरात राहणाऱ्यानं काय करायचं?

लुआरवाले काय करतात ते आधी बघू. सांसेरच्या हद्दीतच शाविन्योल नावाचं छोटं गाव आहे. तिथलं शेळीच्या दुधाचं चीज आणि सांसेरची वाइन, ही जोडी जुनी. चीज खारट, आंबूस आणि जिभेवर चिकटणारं, तर वाइनचा आंबटपणा ते धुऊन काढतो. (आपल्या शेजारच्या जिल्ह्यात उस्मानाबादी शेळी आहे, पण तिच्या दुधाचं चीज करायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. आलं असेल तर मला कळवा, मी येते.) आणि नदीतले मासे, लोणी आणि व्हिनेगरच्या सॉसमध्ये. हा सॉस नाँतच्या बाजूचाच.

नदीतले मासे म्हटल्यावर आपल्याला उजनी आठवायला हवं. भिगवण, टेंभुर्णी, इंदापूर, हायवेवरच्या हॉटेलांत उजनीची चिलापी आणि मरळ मिळते. माझं मत विचाराल तर ड्राय शेनिन ब्लाँसाठी जिल्ह्यातला सगळ्यात चांगला जोडीदार हाच. हळद, मीठ, लसूण लावून रव्यात तळलेली चिलापी. तळलेल्याचा तेलकटपणा आणि वाइनचा आंबटपणा. आपण माशावर लिंबू पिळतो ना, तेच काम वाइन करते. कालवणाबरोबर मात्र नको.

कारण तिखट. मिरचीचा जाळ अल्कोहोलनं वाढतो, कमी होत नाही. आपली शेंगा चटणी आणि कडक भाकरी, वर ड्राय वाइनचा घोट, हा प्रयोग मी केला आहे. तोंडात आग लागली आणि वाइन नुसती कडू लागली. अशा जेवणाला थोडी साखर राहिलेली ऑफ-ड्राय वाइन बरी. आपल्याकडं मिळणारी बरीचशी शेनिन ब्लाँ या प्रकारात मोडते, आणि ते उगाच नाही. आपल्या ताटात मिरची असते हे कंपन्यांनाही कळतं. म्हणून दुकानात शेनिन घेताना ती ड्राय आहे की नाही हे लेबल उलटून वाचा.

गोडाबरोबर ड्राय वाइन कधीच नको. शेंगापोळी खाऊन घोट घेतला तर व्हिनेगर प्यायल्यासारखं वाटेल. नियम सोपा आहे, ताटातला पदार्थ वाइनपेक्षा गोड नसावा.

आणि हुरडा. हे मात्र मला मनापासून सांगायचंय. सोव्हिन्याँ ब्लाँला ओल्या गवताचा, हिरव्या ढोबळी मिरचीचा वास असतो. ही उपमा नाही. ढोबळी मिरचीत ज्या वर्गातलं रसायन असतं तेच या द्राक्षात असतं. उष्ण हवेत ते कमी होतं, म्हणून आपल्याकडच्या वाइनमध्ये गवतापेक्षा पेरू आणि कैरीकडं जाणारा वास जास्त येतो. भाजलेल्या कोवळ्या हुरड्याचा हिरवा, किंचित धुरकट वास आणि ही वाइन एकमेकांना ओळखतात. हुरड्याचे दिवस आणि वाइनच्या द्राक्षाची तोडणी, दोन्ही जानेवारी-फेब्रुवारीत. फक्त गूळ बाजूला ठेवा. गुळाचा खडा तोंडात असेल तर वरचा नियम लागू.

बाटली गार हवी, ८ ते १० अंश. ‘रूम टेंपरेचर’ हा शब्द विसरा. एप्रिलमधली सोलापूरची रूम म्हणजे भट्टी. आणि उन्हात उभ्या गाडीत बाटली ठेवून संध्याकाळी चव बिघडली म्हणून कंपनीला शिव्या घालू नका.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. वाइन ही अल्कोहोलच आहे. अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केलं आहे. ‘हृदयाला चांगली’ हे फॉरवर्ड पुढं पाठवू नका.

मामाचा खरा प्रश्न

हे सगळं ऐकून मामानं विचारलं, “मग लावू का?”

मी हो म्हणू शकले नाही. नाशिकमध्ये २००० नंतर अनेकांनी वाइनची द्राक्षं लावली. २००८ च्या मंदीनंतर मागणी घसरली, इंडाजसारखी मोठी कंपनी कोसळली, आणि माल पडून राहिलेल्या शेतकऱ्यांनी बागा उपटल्या. खाण्याचं द्राक्ष बाजारात नाही विकलं तर बेदाणा करता येतो. शेनिन ब्लाँ वाइनरीनं नाही घेतली तर तिचं दुसरं काहीच करता येत नाही. एकाच गिऱ्हाइकावर वीस वर्षांची बाग लावायची, हा जुगार मामानं ओळखला तो माझ्या आधीच.

विक्रीचंही अवघड आहे. २७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी दिली. शेतकऱ्यांना फायदा होईल असं सरकार म्हणालं, विरोधकांनी आणि अण्णा हजारेंनी कडाडून विरोध केला आणि निर्णय प्रत्यक्षात आला नाही. दोन्ही बाजूंकडं मुद्दे होते. त्या गदारोळात वाइनच्या द्राक्षाला करार कसा असावा, किमान दर कोण देणार, हा शेतकऱ्याचा प्रश्न कुणी फारसा विचारला नाही, एवढीच माझी तक्रार.

दुसरीकडून परदेशी बाटली जवळ येतेय. आयात वाइनवर वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क होतं. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार डिसेंबर २०२२ मध्ये लागू झाला आणि तिथल्या महागड्या वाइनवरचं शुल्क टप्प्याटप्प्यानं उतरायला लागलं. युरोपशी वाटाघाटींतही वाइन हा मोठा मुद्दा राहिला. उद्या सांसेरची बाटली अकलूजच्या बाटलीच्या आसपासच्या किमतीत आली, तर तिच्याकडं १९३६ पासून जपलेलं नाव आहे. आपल्या बाटलीकडं कुठलं नाव असेल, ब्रँडचं की माळशिरसचं? नानजच्या नानासाहेब काळेंनी शेतात निवडलेली ‘सोनाका’ जात आज कुठल्या कुठं पोचली आहे, आपल्या मातीतून नाव निघत नाही असं काही नाही.

एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्सभर अवेळी कडाक्याची थंडी पडली. कोवळे कोंब वाचवायला शेतकऱ्यांनी रात्रभर बागांमध्ये मोठ्या मेणबत्त्या पेटवून ठेवल्या, तरी प्रचंड नुकसान झालं. त्याचे फोटो मी मामाला व्हॉट्सॲपवर पाठवले. काळोखात ओळीनं हजारो ज्योती, दिवाळीसारखं दृश्य.

त्याचा रिप्लाय आला, “आपल्याकडं अवकाळी आणि गारा. विचार त्यांना, विमा मिळतो का वेळेवर.”